तुमचं घर मला माहीत आहे

बंगळुरूत महिनाअखेर जवळ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सामानाचे फोटो यायला लागतात. कोणाची बदली हैदराबादला झालेली असते, कोणी परदेशी निघालेलं असतं, कोणी लग्नानंतर मोठ्या घरात जात असतं. फ्रिज, गादीसकट पलंग, मुलांच्या सायकली, कुकर, अगदी बाल्कनीतल्या कुंड्यासुद्धा विकायला निघतात. आम्ही साताऱ्याहून इथे आलो त्याला अकरा वर्षं झाली. आमचं जेवणाचं टेबल, वॉशिंग मशीन, लेकीचं अभ्यासाचं टेबल आणि हॉलमधला झोपाळा, सगळं कोणाच्या ना कोणाच्या घरातून आलेलं आहे. आमचा पाळणा आणि बाबागाडी अशीच दुसऱ्यांच्या घरी गेली. त्यामुळे जुन्या वस्तूंच्या व्यवहाराला नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये. आम्ही आजही जुन्या वस्तू घेतो.

वस्तू पारखून घेणं आपल्याला कोणी मुद्दाम शिकवत नाही. उन्हाळ्यात माठ घेतानाही आपण तो बोटांनी वाजवून बघतो. आवाज बद्द आला तर खाली ठेवतो आणि दुसरा उचलतो. त्यावर कुंभार रागावत नाही. बघितलं, पटलं नाही, घेतलं नाही. एवढं साधं असतं ते.

गेल्या जूनमध्ये आम्ही एक पेटी अशीच वाजवून बघितली आणि नको म्हणालो. त्या एका ‘नको’चे पैसे आमच्याकडून वसूल करण्यासाठी विकणाऱ्याने पुढचे दोन दिवस आमच्या घरादाराची झोप उडवली. त्याबद्दल हे लिहिते आहे. पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीबद्दल आता सगळीकडे वाचायला मिळतं. पण समोरचा माणूस आपलं दार बघून गेला आहे आणि आता धमक्या देतो आहे, अशा वेळी काय करायचं हे त्या रात्री मला कुठे सरळ सांगितलेलं सापडलं नव्हतं.

पेटीचा सौदा

माझे सासरे, म्हणजे आमचे अप्पा, वय वर्षं ७४. साताऱ्यात चाळीस वर्षं त्यांनी भजनी मंडळात पेटीची साथ केली. दोन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे राहायला आले तेव्हा स्वतःची पेटी मंडळालाच देऊन आले. लेक आता दहा वर्षांची आहे. तिने आजोबांकडे पेटी शिकायचा हट्ट धरला आणि घरात बऱ्याच दिवसांनी अप्पांचा आवाज मोठा झाला. “शिकायचं तर चांगल्या पेटीवर,” ते म्हणाले. “बेसूर पेटीवर कान बिघडतो.”

जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर जाहिरात दिसली. स्केल चेंजर पेटी, तीन लाइन रीड, फार कमी वापरलेली, किंमत १८,००० रुपये. स्केल चेंजर म्हणजे पट्ट्यांची फळी सरकवून गाणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे सूर वर-खाली करता येतो ती पेटी. नवी घ्यायची तर बरीच महाग पडते. विकणारा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होता. शनिवारी आपला टेम्पो तुमच्याच बाजूला येणार आहे, २,००० रुपये आगाऊ पाठवा, मी पेटी घेऊन येतो, असं तो म्हणाला. मी चॅटमध्ये लिहिलं की वाजवून बघू, पटली तर बाकीचे १६,००० जागेवर देऊ. त्याने अंगठा दाखवला.

शनिवारी दुपारी तीनला तो आला. सोसायटीच्या गेटपाशी सिक्युरिटीच्या खोलीशेजारी बाक आहे. तिथे पेटी ठेवली. अप्पांनी आधी भाता भरला आणि एकही पट्टी न दाबता नुसते बघत राहिले. भाता भराभर खाली आला, म्हणजे हवा कुठून तरी निसटत होती. मग एकेक पट्टी वाजवली. खालच्या सप्तकातल्या दोन पट्ट्या मुक्या होत्या. शेवटी त्यांनी फळी सरकवायचा प्रयत्न केला, ती हललीच नाही. सगळं मिळून तीन-चार मिनिटांचं काम. अप्पांनी पेटीवर हात ठेवला आणि आपल्या साताऱ्याच्या हिंदीत म्हणाले, “भैया, पेटी बीमार है. हमको नहीं चाहिए.”

कोणी आवाज चढवला नाही. त्याने टेम्पोचे ८०० रुपये मागितले, नवऱ्याने ते तिथेच दिले. आगाऊचे २,००० संध्याकाळपर्यंत परत करतो म्हणाला आणि पेटी टेम्पोत टाकून निघून गेला.

सहा चाळीसचा मेसेज

संध्याकाळी सहा चाळीसला पहिला मेसेज आला. तो हिंदीत लिहीत होता, मी इथे मराठीत सांगते. तुम्ही सौदा पक्का करून मोडलात, तुमच्यामुळे मी दुसरी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली, रात्री नऊपर्यंत बाकीचे १६,००० पाठवा.

मी उत्तर द्यायच्या आत दुसरा आला, मग तिसरा. पाच-पाच मिनिटांनी भाषा बदलत गेली. सातच्या सुमाराला आमच्या गेटचा फोटो आला आणि खाली एक ओळ: तुमचं घर मला माहीत आहे. मग, माझा भाऊ पोलिसात आहे, तासाभरात एफआयआर होईल. मग, तुमचा फोटो आणि नंबर सगळ्या ग्रुपवर ‘फ्रॉड’ म्हणून टाकतो. सव्वासातला एक व्हॉइस मेसेज आला. त्यात तो मुळीच ओरडत नव्हता. शांत आवाजात म्हणत होता, की तुमची मुलगी स्कूल बसने जाते ना, जरा सांभाळून राहा.

तो मेसेज हॉलमध्ये मोठ्याने वाजला. त्या क्षणी लेक समोरच बसली होती.

त्या अर्ध्या तासात घरात जे झालं ते मला धमकीपेक्षा जास्त लागलं. नवरा म्हणाला, “देऊन टाकूया. सोळा हजार म्हणजे काही आयुष्याची कमाई नाही. सोमवारी सकाळी सात वाजता तिला बसमध्ये बसवायचं आहे.” तो घाबरट माणूस नाही. बाप म्हणून तो हिशोब करत होता आणि तो हिशोब मला चुकीचाही वाटत नव्हता.

लेक म्हणाली, “मला पेटी नको. मला शिकायचंच नाही.”

आणि अप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते. बऱ्याच वेळाने इतकंच म्हणाले, “मी कशाला तोंड उघडलं? घेतली असती तशीच, दुरुस्त करून घेतली असती.”

चाळीस वर्षं सूर ओळखण्यात घालवलेला माणूस सूर खरा सांगितल्याबद्दल स्वतःला दोष देत होता. त्या माणसाला १६,००० रुपये मिळोत वा न मिळोत, आमच्या घरातल्या तिघांकडून त्याने एव्हाना काही ना काही काढून घेतलं होतं. मी उठले आणि शेजारचं दार वाजवलं.

शेजारच्या अक्कांनी मेसेज कसे वाचले

शेजारच्या अक्का बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. कर्जवसुलीच्या विभागात काम केलेल्या. त्यांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि सगळे मेसेज पहिल्यापासून सावकाश वाचले. मग वही मागितली. डाव्या बाजूला लिहिलं, ‘याला काय माहीत आहे’. उजव्या बाजूला, ‘हा काय भासवतो आहे’.

डावी बाजू छोटी निघाली. त्याला आमचं गेट माहीत होतं, कारण दुपारी तो तिथे उभा होता. माझा नंबर आणि नाव माहीत होतं. फोटोत खालच्या कोपऱ्यात टेम्पोचा आरसा दिसत होता आणि ऊन होतं. म्हणजे फोटो दुपारचाच होता, तो आत्ता गेटवर येऊन उभा राहिलेला नव्हता. बसबद्दल त्याने ना वेळ सांगितली होती, ना शाळेचं नाव. अक्का म्हणाल्या, “दहा वर्षांची मुलगी बसने शाळेत जाते, हे बंगळुरूत कोणीही सांगेल.”

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. “तुम्ही आज सोळा हजार दिलेत तर त्याला काय कळेल? या घरात मुलीचं नाव काढलं की पैसे निघतात, एवढंच कळेल.”

नवरा काही बोलला नाही, पण हातातला फोन त्याने टेबलावर उपडा ठेवला.

अक्कांनी धमकी हसण्यावारी नेली नाही, हेही सांगायला हवं. डावी बाजू छोटी आहे म्हणून निवांत झोपा, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्याला फार काही माहीत नाही हे ओळखायचं, म्हणजे हातपाय गळत नाहीत. आणि तरीही तो खरंच काही करेल असं धरून तयारी करायची.

त्या रात्री केलेल्या गोष्टी

पहिली गोष्ट, काहीही डिलीट केलं नाही. राग येतो तेव्हा हात आधी ‘ब्लॉक’कडे जातो. पण त्याआधी पुरावा गोळा केला. प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट, त्यात नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल केलं. व्हॉइस मेसेज सेव्ह केला. ॲपवरची पेटीची जाहिरात आणि त्याचं प्रोफाइल यांचेही स्क्रीनशॉट घेतले. हे लगेच केलं ते बरं झालं, कारण रात्री अकराला जाहिरात गायब झाली. आगाऊचे २,००० आणि टेम्पोचे ८०० यांच्या यूपीआय नोंदी काढून ठेवल्या, कारण त्यात पैसे घेणाऱ्याचं बँक खात्यावरचं नाव दिसतं. गंमत म्हणजे ते नाव ॲपवरच्या नावापेक्षा वेगळं होतं.

इथे एक लक्षात ठेवा. प्रकरण कोर्टात गेलं तर नुसते कागदावर छापलेले स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्यांच्यासोबत प्रमाणपत्र लागतं. म्हणून ज्या फोनवर मेसेज आले तो फोन आणि त्यातलं मूळ चॅट जपून ठेवायचं.

दुसरी गोष्ट, एकच उत्तर दिलं. अक्कांनी सांगितलं, घरातल्या चौघांनी वाचून पाठवलं: “पेटी जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नव्हती, म्हणून घेतली नाही. टेम्पोभाडं दिलेलं आहे. तुम्ही मुलीबद्दल आणि घराबद्दल पाठवलेले मेसेज जपून ठेवले आहेत आणि ते पोलिसांना देत आहोत.” त्यात शिवी नव्हती, उलट धमकी नव्हती, ‘तुला बघून घेतो’ नव्हतं, विनवणीही नव्हती. चिडून लिहिलेलं एखादं वाक्य उद्या त्याच्या हातातला पुरावा झालं असतं. त्यानंतर चॅट म्यूट केलं. त्याचे आणखी अकरा मेसेज आले, त्यातल्या एकालाही उत्तर दिलं नाही. पण ते येऊ दिले आणि जपले. ॲपवर त्याच्या प्रोफाइलची तक्रार केली, तीही सगळे स्क्रीनशॉट घेऊन झाल्यावर.

तिसरी गोष्ट, ज्यांना माहीत असायला हवं त्यांना सांगितलं. गेटवरच्या सुपरवायझरला टेम्पोचा नंबर दिला आणि दुपारचं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवायला सांगितलं, नाहीतर काही दिवसांनी त्यावर नवं चित्रीकरण चढतं. शाळेच्या बस विभागाला ईमेल केला की आई, वडील आणि आजोबा सोडून मुलीला कोणाच्याही ताब्यात देऊ नका, फोन आला तरी नाही.

चौथी गोष्ट, नवऱ्याने ११२ हा आपत्कालीन क्रमांक फोनच्या पहिल्या पानावर ठेवला. कोणी खरंच दाराशी आलं तर चर्चा करत बसायचं नाही, दार उघडायचं नाही, तो लावायचा.

हे सगळं करायला दोन तास लागले. साडेनऊला आम्ही आमटी-भात जेवलो. नऊची मुदत उलटून गेली होती.

कायदा काय म्हणतो

‘तासाभरात एफआयआर होईल’ या वाक्याची भीती मलाही वाटली होती. आपल्यापैकी बहुतेकांना पोलीस म्हटलं की धडकी भरते आणि धमकावणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून इथे थोडं कायद्याचं सांगते.

वस्तू बघून नाकारणं हा गुन्हा नाही. कोणाला वाटलंच की सौदा ठरला होता आणि मोडला, तर तो दिवाणी वाद आहे. त्यासाठी दिवाणी कोर्टात जायचं असतं. तिथेही वस्तूचं वर्णन खोटं होतं का, हा प्रश्न आधी येतो.

गुन्हा होतो तो धमकीचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम ३५१ मध्ये गुन्हेगारी धमकी येते. आपल्याला किंवा आपल्या माणसाला इजा करण्याची, अब्रू घालवण्याची किंवा मालमत्तेचं नुकसान करण्याची भीती घालून, कायद्याने जे करायला आपण बांधील नाही ते करायला लावणं, हा गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. धमकी जिवे मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची असेल तर सात वर्षांपर्यंत. नाव लपवून धमकी दिली तर त्यावर आणखी दोन वर्षांपर्यंत.

पैशांसाठी भीती घातली तर कलम ३०८ म्हणजे खंडणीचं कलम येतं. यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी, की पैसे दिले नसले तरी खंडणीसाठी भीती घालणं हाच वेगळा गुन्हा आहे. ‘माझे पैसे तर गेले नाहीत, मग तक्रार कशाची करू?’ असं म्हणून गप्प बसायची गरज नाही.

पोलीस ठाण्यात

रविवारी सकाळी मी, नवरा आणि अक्का पोलीस ठाण्यात गेलो. सोबत दोन पानांचा अर्ज होता. कोणत्या तारखेला, किती वाजता, काय झालं, एवढंच क्रमाने लिहिलेलं. मागे स्क्रीनशॉटच्या छापील प्रती, त्यावर आकडे घातलेले.

समोरच्या हवालदाराने पहिला प्रश्न विचारला, “पैसे किती गेले?” दोन हजार ऐकल्यावर म्हणाले, सोडून द्या. अक्का कन्नडमध्ये शांतपणे म्हणाल्या, की आम्ही पैशांची तक्रार द्यायला आलेलोच नाही. मग त्यांनी अर्जातली बसची ओळ बोट ठेवून दाखवली. हवालदार उठून आत गेले आणि महिला उपनिरीक्षक बाहेर आल्या. त्यांनी व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला.

परक्या भाषेच्या शहरात राहणाऱ्यांना सांगते, भाषेची अडचण खरी असते, पण त्यासाठी घरी बसू नका. शेजारी, सोसायटीचे सेक्रेटरी, ऑफिसमधली मैत्रीण, कोणालाही सोबत न्या. आणि अर्ज लिहूनच न्या. तोंडी सांगताना आपला आवाज कापतो, लिहिलेलं कापत नाही.

त्यांनी तक्रार नोंदवून पोच दिली आणि आमच्यासमोरच त्याला फोन लावला. आदल्या संध्याकाळी जो आवाज इतका थंड होता तो आता सर-मॅडम करत होता. “गुस्से में लिख दिया मॅडम, ऐसा कुछ नहीं था.” त्याला दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावलं. तिथे त्याने यापुढे संपर्क करणार नाही असं लिहून दिलं. पोलिसातला भाऊ काही आला नाही.

सगळीकडे असं पटकन होईल असं मी म्हणणार नाही. पण आपले हक्क माहीत असावेत. दखलपात्र गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. यालाच शून्य एफआयआर म्हणतात. माहिती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार ठाण्यात घेतलीच नाही तर ती लेखी, पोस्टाने वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठवता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं. साधी धमकी बहुतेक वेळा अदखलपात्र धरली जाते, पण तिचीही नोंद घेऊन घेतल्याशिवाय परत येऊ नका. उद्या पुन्हा काही झालं तर तो कागद बोलतो. पैसे गेलेच असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर शक्य तितक्या लवकर फोन करा, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा.

ग्राहक तक्रारीबद्दलही अनेकजण विचारतात. एखाद्या माणसाने स्वतःची घरातली वस्तू एकदा विकली, तर २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम त्याला लागू होत नाहीत. पण तो नियमित धंदा करत असेल तर गोष्ट वेगळी. त्याच रविवारी दुपारी अक्कांनी ॲपवर पेट्यांच्या जाहिराती चाळल्या. वेगवेगळ्या नावांच्या चार जाहिरातींत पेटीखाली एकच निळ्या फुलांची चादर अंथरलेली होती. घरातली पेटी विकणारा माणूस नव्हताच तो. आम्ही ते स्क्रीनशॉट ठाण्यात नेऊन दिले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही कळवलं.

नंतरचे दिवस

आगाऊ दिलेल्या २,००० रुपयांतले १,२०० परत आले. ८०० त्याने ‘टेम्पोभाडं’ म्हणून कापले होते, जे आम्ही गेटवरच दिले होते. नवरा खूप दिवसांनी मोठ्याने हसला. त्या आठशेच्या मागे आम्ही लागलो नाही.

लेकीला आम्ही खरं काय ते सांगितलं. एक माणूस खोटं बोलला, पकडला गेल्यावर त्याने घाबरवायचा प्रयत्न केला, मग आम्ही पोलिसांना सांगितलं. ‘काही नाही झालं, तू खेळ’ म्हटलं असतं तर तिने व्हॉइस मेसेजमधलं वाक्य एकटीने मनात धरून ठेवलं असतं. दोन आठवडे नवरा तिला बसपर्यंत सोडायला गेला. तिसऱ्या आठवड्यात तीच म्हणाली, “बाबा, आता नको, सगळे बघतात.”

अप्पांना मात्र वेळ लागला. मी पेट्यांचे फोटो दाखवले की ते ‘तुम्हीच बघा’ म्हणून पेपर उघडायचे. मोबाइलची घंटा वाजली की मान वर करून बघायचे. मी त्यांना हिशोब सांगितला, की तुमच्या चार मिनिटांनी १६,००० वाचले. तो त्यांना पटला नाही. शेवटी लेकीनेच काम केलं. एका संध्याकाळी तिने विचारलं, “आजोबा, पट्टी न दाबता तुम्हाला कसं कळलं की भाता फुटलाय?” अप्पांनी टेबलावरचं जाडजूड पुस्तक भाता म्हणून उघडलं आणि तिला समजावायला बसले. पाऊण तास चाललं ते.

ऑगस्टमध्ये आम्ही पेटी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात गेलो. त्याने दोन जुन्या पेट्या दाखवल्या. अप्पांनी पहिली वाजवली आणि म्हणाले, नको. दुसरी वाजवली, नको. कारागिराने काही न बोलता दोन्ही फडताळात परत ठेवल्या आणि आतून तिसरी आणली. लेक माझा हात धरून उभी होती. अप्पांनी दुसऱ्यांदा ‘नको’ म्हटलं तेव्हा तिने हळूच वर माझ्याकडे पाहिलं आणि मग कारागिराकडे. त्याला राग आलेला नव्हता. मला वाटतं, त्या दिवशी तिने पेटीपेक्षा हेच जास्त नीट पाहिलं.

तिसरी पेटी घरी आली. साधी आहे, स्केल चेंजर नाही, पण सुरात आहे.

आता कोणतीही जुनी वस्तू घेताना मी चॅटमध्ये तीन वाक्यं आधीच लिहिते. वस्तू बघून पटली तरच घेईन. नाही पटली तर आगाऊ रक्कम त्याच दिवशी परत करायची. वाहतुकीचा खर्च कोणी द्यायचा ते आत्ता ठरवू. समोरच्याचं ‘हो’ येईपर्यंत पुढे जात नाही. भला विकणारा असेल तर तो लगेच ‘हो’ म्हणतो, कारण त्यालाही भांडण नको असतं. ज्याला या तीन वाक्यांचा राग येतो, त्याची वस्तू कितीही स्वस्त असली तरी मी सोडून देते.

आणि हे वाचताना तुमच्यापैकी कोणाच्या फोनमध्ये असा एखादा मेसेज पडून असेल, नवऱ्याला सांगितला नसेल, आईला काळजी नको म्हणून लपवला असेल, कॉलेजातल्या एखाद्या मुलाने घरी ओरडा बसेल म्हणून दाबून ठेवला असेल, तर एवढंच करा. तो डिलीट करू नका, त्याला उत्तर देऊ नका. आज जेवणं झाली की घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला तो वाचायला द्या. मग वही घ्या आणि डाव्या बाजूला लिहा, याला नक्की काय माहीत आहे.